ट्रायम्फ जीटी-६ : बंद टपाची गाडी उघडी करतानाच्या प्रकल्प नोंदी

१९ फेब्रुवारी २०२३, कॉव्हेंट्री

गाडी ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची १९७२ सालची जीटी-६, मार्क ३ (म्हणजे तिसरी आवृत्ती) आहे. इंजिन २ लिटरचे, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे, आणि ते उत्तम स्थितीत आहे. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या लोखंडी चौकटीवर, वरवरचा गंज आहे, पण हातोडीने ठोकून पाहिल्यावर सगळीकडे भरीव आवाज येतो. पत्र्याची अवस्था मात्र वाईट आहे. टपाच्या दोन्ही पन्हळी आतून सडल्या आहेत, मागच्या उचलत्या दाराची चौकट बोटाने दाबली तरी चुरगळते, आणि मागच्या खिडक्यांखालचा पत्रा तर जवळपास उरलेलाच नाही. तो मागचा भाग मूळ रूपात उभा करायचा तर दुसऱ्या जीटी-६ चा सगळा मागचा सांगाडा मिळवावा लागेल, आणि असा चांगला सांगाडा ज्या गाडीवर असेल ती गाडी कापणे मला मान्य नाही.

म्हणून या गाडीचा टप उतरवून ती कापडी हुडाची करायची, असे ठरवले आहे. टप धडधाकट असता तर मी त्याला हात लावला नसता. जीटी-६ सर्व आवृत्त्या मिळून १९६६ ते १९७३ एवढ्याच काळात बनली, आणि त्यातली प्रत्येक चांगली गाडी आहे तशीच राहावी, असे मला मनापासून वाटते.

५ मार्च

कापायच्या आधी ही गाडी कशी जन्मली हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण काय कापता येईल याचे उत्तर त्या इतिहासातच आहे. १९५९ साली ट्रायम्फने हेराल्ड ही छोटी गाडी आणली. त्या काळात बहुतेक कारखाने अखंड पत्र्याच्या सांगाड्याकडे वळले होते, तरी हेराल्डला वेगळी चॅसी होती, आणि तिचा टप बोल्टांनी बसवलेला होता, त्यामुळे त्याच खालच्या भागावर सलून, कूपे आणि उघडी गाडी अशी निरनिराळी रूपे चढवता येत. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनीने बनवलेली स्टँडर्ड हेराल्ड हीच. आख्खे बॉनेट पुढच्या बाजूला उलटून इंजिन चहूबाजूंनी मोकळे होते, ते दृश्य पुण्या-मुंबईतल्या जुन्या पिढीतल्या अनेकांनी गॅरेजमध्ये पाहिलेले असेल.

१९६२ साली याच चॅसीची लांबी कमी करून स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी झाली. हेराल्डच्या चाकांमधले अंतर २३२४ मिलिमीटर होते, ते स्पिटफायरला २१०८ मिलिमीटर केले गेले. त्याहून महत्त्वाचा बदल असा की हेराल्डच्या चॅसीला बाजूंना जे आडवे हात आणि कडेच्या पट्ट्या होत्या, त्या काढून टाकल्या आणि मधल्या कण्याएवढी चॅसी ठेवली. कडांचा भार उचलण्याचे काम दारांखालच्या सिलवर, म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पेटीवर, आले. मागच्या चाकांना पुढे-मागे रोखणारे रेडियस आर्मसुद्धा चॅसीऐवजी आसनांमागच्या पत्र्याला जोडले गेले. यानंतर इटालियन रचनाकार मिकेलोत्ती यांनी स्पिटफायरवर उतरत्या पाठीचा टप चढवून एक नमुना केला. चार सिलिंडरच्या इंजिनाला ते वजन झेपेना, म्हणून ट्रायम्फच्याच व्हिटेस या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले आणि १९६६ साली जीटी-६ बाजारात आली. त्या टपाच्या आकाराचा शर्यतीतल्या स्पिटफायरलाही उपयोग झाला. फ्रान्समधल्या ल मॉं येथील १९६५ च्या शर्यतीत तशाच उतरत्या पाठीच्या दोन स्पिटफायर एकूण क्रमवारीत तेराव्या आणि चौदाव्या आल्या, आणि आपल्या वर्गात पहिल्या दोन ठरल्या.

थोडक्यात, जीटी-६ चा खालचा भाग मुळात उघड्या गाडीसाठी आखलेला आहे. अखंड सांगाड्याच्या गाडीवर हे काम करायला मी धजावलो नसतो.

१८ मार्च

कागदपत्रांची बाजू आज पाहून घेतली. ब्रिटनमध्ये २०२३ च्या नियमांनुसार मूलभूत फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक राखण्यासाठी किमान ८ गुण लागतात. मूळ आणि फेरफार न केलेल्या चॅसीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला १ असा हिशेब आहे. या गाडीची चॅसी वेगळी आहे आणि तिला मी कापणार वा छेदणार नाही, त्यामुळे ते ५ गुण शाबूत राहतात. बाकीचे सगळे मूळचेच आहे. अखंड सांगाड्याच्या गाडीचा टप कापला तर तोच ५ गुणांचा आधार जातो आणि गाडीची ओळखच पुन्हा सिद्ध करावी लागते. विमा कंपनीला काम सुरू होण्याआधीच लेखी कळवले आहे.

पुण्याहून दोन मित्रांनी अशीच गाडी तिकडे करता येईल का, असे विचारले, म्हणून इथेच नोंदवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणी वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे उचलून धरले आहे. तेव्हा भारतात टप कापण्याचा विचार कोणी करू नये.

८ एप्रिल

आजचा दिवस फक्त मोजमापात गेला, आणि माझ्या मते या प्रकल्पातला हा सर्वांत मोलाचा दिवस आहे.

टप हा पावसापासून बचाव करणारे झाकण आहे असे आपण समजतो, पण बंद गाडीत तो सांगाड्याचा एक अवयव असतो. काडेपेटीचे आतले खण बाहेर काढून दोन टोकांना धरून पिळले तर ते सहज पिळते. वरच्या कवचात घातले की तेच खण पिळता पिळत नाही. टप, खांब, सिल आणि फरशी मिळून असे बंद कवच तयार होते. टप गेला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे गाडी मध्यभागी खाली झुकू पाहते, त्यामुळे दारांच्या वरच्या फटी मिटत जातात आणि दारे अडकतात. दुसरे म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या विरुद्ध पिळले जातात. पहिली गोष्ट लगेच डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, पण काचेची चौकट थरथरणे, वेल्डिंगला बारीक तडे जाणे असे सगळे त्रास तिच्यातूनच येतात.

म्हणून गाडी चारही चाकांवर, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर असताना, सपाट फरशीवर उभी केली. स्टँडवर किंवा रिकाम्या सांगाड्यावर मापे घेण्यात अर्थ नाही, कारण रस्त्यावर जो भार पडतो त्याच भाराखाली पत्रा ज्या आकारात असतो तो आकार टिकवायचा आहे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजण्यासाठी सरकत्या पट्टीला बारीक फरक दाखवणारे डायल गेज लावले. पुढच्या खांबावरच्या बिजागरीच्या बोल्टापासून मागच्या खांबाच्या तळाशी केलेल्या पंचच्या खुणेपर्यंत एक माप, आणि त्याच्या उलट दुसरे. दोन्ही दारांच्या मागच्या फटी वर आणि खाली फीलर गेजने (फटीत सरकवायच्या पातळ पात्यांनी) मोजल्या. नंतर पुढचे डावे चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतका चॅसीखाली जॅक लावला आणि कर्ण पुन्हा मोजले. डाव्या दाराचा कर्ण १.४ मिलिमीटरने बदलला. टप जागेवर असताना एवढा फरक पडतो, याचा अर्थ सिलमध्ये काही जीव उरलेला नाही.

हा आकडा म्हणजे कडकपणाचे शास्त्रशुद्ध माप नव्हे, त्यासाठी वजने आणि ठरावीक आधार लागतात. पण तीच गाडी, तीच जागा आणि तोच जॅक ठेवून प्रत्येक टप्प्यानंतर हे माप घेतले की आपण पुढे चाललो आहोत की मागे, हे नेमके कळते.

१४ मे

सिलचे काम दोन्ही बाजूंनी पूर्ण झाले. याविषयी सविस्तर लिहितो, कारण उघडी गाडी बनते ती इथे.

या गाडीची सिल तीन पत्र्यांची असते. आतली सिल फरशीला जोडलेली, बाहेरची सिल जी आपल्याला दिसते, आणि त्या दोघींच्या मध्ये उभी असलेली मजबुतीची पट्टी. तिन्ही जोडल्या की दोन कप्प्यांची बंद पेटी तयार होते. आधीच्या कोणीतरी सडलेल्या सिलवरच नवी बाहेरची सिल वेल्ड करून, वर लांबी (पुटी) भरून, रंग मारलेला होता. ग्राइंडरने ती उघडल्यावर आत मधली पट्टी जवळजवळ नाहीशी झालेली आढळली, आणि खालच्या जोडावर गंजाने हातभर लांबीची भेग पाडलेली होती.

ही भेग किती घातक आहे हे एका साध्या गणिताने समजते. २५ मिलिमीटर त्रिज्येची आणि १ मिलिमीटर जाडीची एक नळी घ्या. ती अखंड असताना पिळाला जितका विरोध करते, त्याच्या १,८७५ व्या हिश्श्याएवढाच विरोध ती उभी चिरल्यावर करते. धातू तेवढाच, वजन तेवढेच. फक्त नळी बंद राहिलेली नाही. सिलची आणि संपूर्ण गाडीची रचना नळीइतकी सोपी नाही, त्यामुळे तोच आकडा तिथे लागू होणार नाही, पण तत्त्व तेच आहे. खालच्या जोडावरची गंजाची भेग बंद पेटीला उघडी करते, आणि बाहेरून चकाचक दिसणारी सिल निकामी होते. टप कापलेल्या ज्या गाड्या मी आजवर पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींमध्ये लोखंडाचे जाड कोनपट्टे फरशीखाली ठोकलेले असतात. कोनपट्टा हा उघडा आकार आहे. त्याने वजन वाढते, झुकणेही थोडे कमी होते, पण पिळाला तो फारसा विरोध करत नाही. त्याच वजनाची बंद पेटी कितीतरी अधिक काम करते.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांची तिरपी चौकट वेल्ड केली, म्हणजे जुनी सिल कापताना खांब एकमेकांकडे सरकणार नाहीत. एका वेळी एकच बाजू उघडली. आतली सिल आणि मधली पट्टी १.५ मिलिमीटर पत्र्याची बनवली. मधल्या पट्टीची टोके पुढच्या आणि मागच्या खांबांच्या आत नेऊन तिथे चहूबाजूंनी वेल्ड केली, कारण पेटी कितीही भक्कम असली तरी तिची टोके मोकळी राहिली तर भार पुढे जाणार कुठे? जोडांवर साधारण २५ मिलिमीटर अंतराने भोके पाडून प्लग वेल्ड घेतले, म्हणजे ती भोकेच वेल्डिंगने भरून पत्रे जोडले. एका ठिकाणी वेल्ड केला की पुढचा दूरच्या टोकाला, असे करत गेलो, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. बाहेरची सिल चढवण्यापूर्वी आतून जस्ताचा प्रायमर दिला, आणि नंतर मेण फवारण्यासाठी रबरी बूच बसतील अशी भोके ठेवली. पाणी निचरायच्या फटी मूळ जागीच ठेवल्या आहेत.

शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ पूर्वी कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात पत्रेकाम करत असत. ते सिलवरून अंगठा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि मागच्या खांबापाशी थांबून म्हणाले, "इथे अजून एक टाका घ्या, पाणी इथूनच शिरतं." तो टाका घेतला.

आधाराच्या चौकटी तात्पुरत्या सोडवून, टप जागेवर असतानाच पुन्हा मोजले. कर्णातला फरक १.४ वरून ०.६ मिलिमीटरवर आला.

४ जून

आसनांच्या मागे, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, ५० बाय ५० मिलिमीटरची आणि २ मिलिमीटर जाडीची आडवी पेटी-नळी बसवली. तिच्यापासून खाली रेडियस आर्मच्या आधारापर्यंत दोन तिरप्या नळ्या उतरवल्या, कारण चाकांचा धक्का पत्र्यात जिथे शिरतो ती हीच जागा आहे. बंद जीटी-६ मध्ये आसनांमागून थेट सामानाच्या जागेत हात जातो. उघड्या गाडीत तिथे आडवी भिंत हवी, म्हणून नळीखाली पत्रा लावून दोन्ही चाकांच्या कमानी एकमेकींना जोडल्या.

टप काढल्यावर पीळ रोखण्याचा हा प्रश्न ट्रायम्फलाही चुकला नव्हता, हे इथे आठवते. मिकेलोत्ती यांनी ट्रायम्फ २००० ही बंद गाडी कापून जी उघडी गाडी केली तिच्यातूनच १९७० ची स्टॅग निघाली, आणि तिचा सांगाडा पिळू नये म्हणून आसनांवरून एक कमान आणि तिथून काचेच्या चौकटीपर्यंत एक मधली दांडी द्यावी लागली. लोक त्या दांडीला शोभेची वस्तू समजतात. माझ्या मते स्टॅगच्या रचनेतला तो सर्वांत प्रामाणिक भाग आहे. माझी गाडी लहान आहे आणि तिला स्वतंत्र चॅसी आहे, म्हणून मधली दांडी देणार नाही. कमान मात्र देणार आहे.

२५ जून

टप आज कापला.

काचेवरची टपाची साधारण चार बोटांची पट्टी राखली. तीच पुढे हुडाची पुढची कड होणार आहे. कापण्याची रेष निळ्या चिकटपट्टीने आखली, आतले अस्तर आणि काचा आधीच काढल्या होत्या, आणि दारांच्या चौकटीतले तिरपे आधार परत वेल्ड केले होते. शिवाय काचेच्या चौकटीपासून आसनांमागच्या नव्या नळीपर्यंत एक लांब नळी तात्पुरती जोडली. कापताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी मागचे जाड खांब, मग कडा, आणि शेवटी काचेवरची लांब रेष. १ मिलिमीटरच्या कटिंग डिस्कने मागचा डावा खांब तुटत आला तेव्हा डिस्कची फट मिटली नाही, तशीच उघडी राहिली. सांगाडा आपल्या जागी उभा आहे, याची ती खूण होती; झुकणाऱ्या गाडीत ही फट डिस्कला चिमटीत पकडते. टप दोघांनी सहज उचलून बाजूला ठेवला.

काचेवरच्या पट्टीची कड खाली वळवून आतून पन्हळीच्या आकाराचा पत्रा लावला आणि ती पट्टीही बंद पेटी केली. पुढच्या खांबांच्या पायथ्याशी, डॅशबोर्डच्या आड, त्रिकोणी पट्ट्या दिल्या. आधार सोडवून मोजल्यावर फरक १.७ मिलिमीटर आला. दारांच्या फटी मात्र होत्या तशाच आहेत, वर ४.५ आणि खाली ४.५. झुकणे थांबले आहे, पीळ अजून उरला आहे. मागचा भाग अद्याप उघडा असल्यामुळे हे अपेक्षितच होते.

३० जुलै

स्पिटफायर मार्क ४ चा मागचा वरचा पत्रा, डिकीचे झाकण आणि हुडाचा सांगाडा एका भंगारात निघालेल्या गाडीवरून मिळाला. १९७० नंतरच्या दोन्ही गाड्यांची शेपटी एकाच धाटणीची असल्याने रेषा जुळतात, पण कडा कापून आणि वळवून बसवाव्या लागल्या. पेट्रोलची टाकी आता स्पिटफायरप्रमाणे आसनांच्या मागे आडवी आहे, आणि तिच्या आणि प्रवाशांच्या मध्ये जूनमध्ये लावलेली पत्र्याची भिंत आहे. ही भिंत कडेने अखंड बंद केली आहे. वायर जातात तिथे रबरी बुशिंग आहेत.

मागचा पत्रा पूर्ण वेल्ड झाल्यावर फरक १.१ मिलिमीटर आला. सडलेल्या सिलसह टप असताना जेवढा पीळ होता त्याहून टप नसलेली गाडी आता कमी पिळते.

२० ऑगस्ट

आसनपट्ट्यांचा विचार अनेक जण शेवटी करतात, तो आधी करायला हवा. बंद गाडीत पट्टीचा वरचा आधार ज्या खांबावर असतो तो वरचा खांबच आता नाही. पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावणे म्हणजे अपघातात तो उपटून येण्याची तजवीज करणे होय. म्हणून वरचे आधार चाकांच्या कमानींवर, ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांवर घेतले आहेत, आणि त्या पट्ट्या खालच्या बाजूने आडव्या नळीला जोडल्या आहेत. आधार खांद्याच्या फार खाली गेला तर धडकेत पट्टी पाठीचा कणा खाली दाबते, त्यामुळे आसनाची उंची त्यानुसार ठरवली. संरक्षक कमान आसनांमागे बोल्टांनी बसवली असून ती आपल्या डोक्याच्या वर पुरेशी येते, हे दोघांनी आसनांवर बसून सरळ पट्टी धरून तपासले.

२४ सप्टेंबर

रंग झाला. मूळचाच गडद हिरवा ठेवला आहे.

हुडासाठी रबरी थर असलेले दुहेरी कापड निवडले. व्हिनाइल स्वस्त पडते, पण थंडीत ते आक्रसते आणि इथल्या हिवाळ्यात पुढच्या कड्या लावताना ओढाताण होते. कापड बसवायचा क्रम असा की आधी सांगाडा उभा करून पुढच्या कड्या अडकवायच्या, मग कापड मागच्या पत्र्यावर मधोमध पकडून तिथून दोन्ही बाजूंना ताणत जायचे. कडेला लागून असलेली शिवण दाराच्या काचेच्या वरच्या कडेशी समांतर येईपर्यंत कापड चिकटवायचे नाही. डाव्या काचेच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर फट राहत होती. काचेचा खालचा थांबा फिरवून काच थोडी पुढे झुकवली आणि ती मिटली. पाण्याचा पाइप काचेवर धरल्यावर फक्त उजव्या कडीपाशी ओल आली. तिथे दुहेरी रबर लावायचे आहे.

१५ ऑक्टोबर

गाडी पन्नास वर्षांपूर्वीची असल्याने तिला वार्षिक चाचणीतून सूट मिळते, तरी मी ती स्वतःहून करून घेतली. तपासनिसाने सिलच्या दोन्ही टोकांना आणि आसनपट्ट्यांच्या आधारांना बराच वेळ दिला, आणि ते योग्यच होते. गाडी उत्तीर्ण झाली.

त्यानंतर केनिलवर्थच्या बाजूच्या खडबडीत रस्त्यावर तिला नेले. ताशी ४० मैलांच्या आसपास काचेच्या चौकटीत हलकीशी थरथर जाणवते. आरशातले प्रतिबिंब किंचित धूसर होते आणि लगेच स्थिरावते. त्या वयाच्या चांगल्या स्पिटफायरमध्येही एवढी थरथर असते. तिसऱ्या गिअरमध्ये सहा सिलिंडरचा आवाज आता मागच्या काचेवर आपटून परत येत नाही, थेट एक्झॉस्टमधून कानावर येतो, आणि तो फार सुंदर आहे. परत आल्यावर फटी मोजल्या, वर आणि खाली अजूनही ४.५. चॅसी आणि सांगाड्यामधल्या बोल्टांपैकी मागचे दोन थोडे सैल झाले होते, ते ठरलेल्या जोराने आवळले. पुढच्या महिन्यात सिलमध्ये मेण फवारायचे आणि सगळ्या प्लग वेल्डांवर रंगाखाली तडा दिसतो का ते पाहायचे, एवढे काम बाकी आहे.